वर राहिलेला खोकला

"काका, तुम्ही इथे खाली बसलेले असता, तेव्हा वर तुमच्या घरात कोण खोकतं?"

विचारलं एकदाचं! सायकल स्टँडच्या आडोशाला केयूर आणि जागृती श्वास रोखून उभे होते. "वक्तृत्वात पहिली आलीस ना? मग विचारून दाखव," असं जागृतीनं डिवचलं होतं. आणि ते बक्षीस मिळाल्यापासून ईश्वरी कुणाचं डिवचणं वाया जाऊ देत नव्हती.

दिनानाथकाका नेहमीच्या बाकावर बसले होते. डोक्यावर एक केस नाही, तोंडाला मास्क, मांडीवर कुणीतरी आणून दिलेलं शहाळं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या बंद खिडकीकडे त्यांनी नुसतं पाहिलं.

"तो माझाच खोकला आहे, ईश्वरी," ते म्हणाले. "मी खाली येतो. तो वर राहतो."

ईश्वरीच्या अंगावर असा काटा आला की तो सायकल स्टँडपर्यंत दिसला असावा.

दिनानाथकाकांना फुप्फुसाचा कॅन्सर झालाय, हे ऐकून वाशीतल्या त्या जुन्या सोसायटीत कुणालाच नवल वाटलं नव्हतं. जिन्यात आधी सिगारेटचा वास यायचा आणि मग काका. "आमची केमो सुरू झालीय," असं ते एकदा गेटवर म्हणाले आणि थोड्याच दिवसांत त्यांचं डोकं गुळगुळीत झालेलं दिसलं. हॉस्पिटलला ते भल्या पहाटे जायचे, कुणी उठायच्या आत.

मग सुरू झालं लोकांचं बघायला येणं. आजारी माणसाला बघायला गेलं नाही तर जणू पापच लागतं! सफरचंदं काय, गव्हांकुरांचा रस काय, कुठल्याशा महाराजांचा अंगारा काय. काका सगळ्यांना बाकावरच गाठायचे. "वर नको. जंतूंची भीती असते, इथे मोकळ्या हवेत बसू." रस मात्र कधी तिथे प्यायचे नाहीत. "वर जाऊन घेतो," म्हणायचे आणि जपून घेऊन जायचे.

गीतांजलीकाकू तर उरणजवळ मोऱ्याला गेलेल्या, माहेरी. त्यांच्या आईचं करायला. सोसायटीतल्या बायकांना हे अजिबात पटलेलं नव्हतं.

"नवरा मरणाच्या दारात आणि ही बाई माहेरी मासे खात बसलीय," ईश्वरीची आई गॅलरीत कपडे वाळत घालताना म्हणाली होती. मग तिला नेहमीचा ठसका लागला. तुर्भ्याकडून धूळ येते, त्यानं तिचा घसा बसतो.

"तुला काय करायचंय दुसऱ्याच्या घरात?" शेजारी चहा-सिगारेट घेऊन बसलेले बाबा म्हणाले होते.

म्हणजे वर कुणीच नव्हतं. तरी खोकला होता. ईश्वरीचं घर काकांच्या घराला भिंतीला भिंत लागून. काका खाली बाकावर, आणि भिंतीपलीकडे आधी तो खोल, ओढून काढल्यासारखा खोकला. मग थोडा वेळ शांत. मग टक्. टक्. टक्. कुणी गोट्या खेळतंय जणू.

"काकांचा आत्मा अर्धा सुटलाय," केयूरनं निकाल देऊन टाकला होता. "बॉडी खाली, आवाज वर. पूर्ण सुटला की खेळ खल्लास."

"गप रे, येड्या!" ईश्वरी तेव्हा हसली होती. पण तिचं भाषण काकांनीच बसवून घेतलं होतं. पाय लटपटले तर समोर मी बसलोय असं समज, म्हणाले होते. काका मरता कामा नयेत. बस्स.

ती धाडधाड जिने चढली. काकांच्या घराची एक किल्ली पूर्वीपासून ईश्वरीच्या घरी असायची, फ्रिजवरच्या वाटीत. ती तिनं उचलली.

काकांचं दार आवाज न करता उघडलं. आत सगळे पडदे ओढलेले. फिनेलचा वास, आणि सिगारेटचा अजिबात नाही. आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून कुणीतरी खुर्चीत बसलं होतं. गुळगुळीत डोकं. अंगात काकांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट. हातात नळी लावलेलं प्लॅस्टिकचं एक खेळण्यासारखं काहीतरी. श्वास ओढला की त्यातले तीन गोळे वर चढायचे, श्वास सुटला की खाली पडायचे.

टक्. टक्. टक्.

ईश्वरीनं पडदा बोटभर सरकवून खाली पाहिलं. बाकावर दिनानाथकाका बसलेले होते.

"का... काका?" बक्षीस मिळवणारा आवाज कुठे गेला कोण जाणे.

खुर्चीतलं माणूस खोकलं. मग हळूहळू त्याची मान वळली.

ईश्वरी घरी परतली तेव्हा दिवे लागले होते. मोबाइलवर केयूर-जागृतीच्या मेसेजचा ढीग पडला होता. तिनं एकही उघडला नाही. आई पोळ्या लाटत होती आणि मधेच पदरात खोकत होती. बाबा सिगारेट विझवून गॅलरीतून आत आले.

"मी एक ठरवलंय," ईश्वरी म्हणाली. स्टेजवर उभी राहते तशी ताठ. "उद्या मी शाळेला दांडी मारणार. आईला घेऊन डॉक्टरकडे जाणार, छातीचा एक्स-रे काढायला. आणि मी आता जे बोलेन ते या घराबाहेर जाणार नाही. आधी शब्द द्या."

"दिला," बाबा हसले. "पण आईचा एक्स-रे कशाला गं? सिगारेट तर मी ओढतो."

"आणि तिकडे दिनानाथकाका ओढायचे, बाबा," ईश्वरी म्हणाली. "लोकांनी घरी बघायला येऊ नये म्हणून त्यांनी नुसतं डोकं भादरलंय. कॅन्सर काकूंना झालाय."