सवाष्णीचं फूल

"हे काय आणलंत?" हातातली शेवंती तशीच धरून रुक्मिणीबाईंनी विचारलं.

गोविंदरावांनी सायकलवरून पळसाच्या पानांचा भारा उतरवला. जीआयपी रेल्वेत गार्डकी करता करता केस पिकले, बावटा दाखवताना कधी हात चुकला नव्हता. आज त्यांना साधी सुतळी सुटेना.

"गुरुजी येतीलच," ते खाली बघत म्हणाले. "बारा वर्षं झाली. इथं जवळच बबीन्याला जातो म्हणून गाडीत बसला, त्यानंतर आपल्या विद्याधरचा पत्ता नाही. शास्त्राप्रमाणे पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा. पोर सुटेल तरी, अगं."

क्वार्टरच्या अंगणात पिवळी शेवंती नुसती उसळली होती. झाशीत एक वेळ दुसऱ्या कशाचा तोटा पडेल, उन्हाचा नाही. लग्नाच्या वर्षी विद्याधरनंच बायकोसाठी मोठ गावच्या बाजारातून रोप आणलं होतं. फुलं सरली की रुक्मिणीबाई ते बुंध्याशी छाटत, उन्हाळाभर मुळांवर सावली धरत आणि पावसाळ्यात नवे फुटवे वेगळे करून पुन्हा उन्हात लावत. सुनेच्या अंबाड्यात रोजचं फूलही त्याच खोवत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

"आणि हिचं कपाळ पांढरं करणार?" त्या कडाडल्या. "वर वाळली म्हणून शेवंती कधी मेली का? माझा विद्या आहे. हिच्या डोक्यात फूल आहे तोवर आहे!"

गोविंदराव भाऱ्याशी बसून पुन्हा सुतळीची गाठ सोडवू लागले.

सून कमलिनी दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"ये गं, बस," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "फूल घालते."

ती रोजच्यासारखी पायरीवर येऊन बसली, पण आज तिनं मान खाली केली नाही. सासूकडे वळून तिनं त्यांचा हात धरला.

"नको, आई."

"असं काय करतेस?"

"रडू आलं की तुम्ही म्हणायचात, सवाष्णीनं रडू नये, तो असेल तिथं त्याला बाधेल. म्हणून नाही रडले मी. इतकी वर्षं एकदासुद्धा नाही." तिचा आवाज फाटला. "आता मला रडू द्या हो, आई."

आणि ती रडू लागली. रुक्मिणीबाईंनी तिला पोटाशी धरलं. हातातलं फूल कुठं ठेवावं, ते त्यांना कळेना.