शेवंताच्या अंगातली कानबाई

शेवंताचे हात कापत होते आणि बायका तिच्या पायांशी नारळ ठेवत होत्या.

आठ वर्षांची पोर. पाटावर बसवलेली, कपाळभर कुंकू फासलेलं. डोळे टक्क उघडे. छातीची धडधड झग्यावरूनही दिसत होती. आदल्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. श्रावणातला कानबाईचा रविवार. सारे भाऊबंद कानबाईच्या प्रसादाचे रोट खायला घरात जमलेले. त्यात ही थरथर. मग काय विचारता! "कानबाई उनी! पोरना आंगमा कानबाई उनी!" पोरीच्या अंगात देवी आली, असं म्हणत जो तो हात जोडून पुढं येत होता.

कसली कानबाई! ती गोळी होती.

शेवंताला दमा होता. मागल्या महिन्यात तिच्या आईनं, यशोदानं, तिला बैलगाडीत घालून धुळ्याला डॉक्टरकडे नेलं होतं. त्यानं इफेड्रिनच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "दम लागला तरच द्यायची, तीही अर्धी. जास्त झाली तर मुलांचे हात कापतात, छाती धडधडते, झोप उडते." अर्ध्या गोळीनं पोरीचा श्वास खरोखर मोकळा व्हायचा. यशोदाला गोळीचं वावडं नव्हतं.

पण एकदा ती शेतात असताना आजीनं, सुंदरबाईनं, लवकर बरं वाटावं म्हणून दोन गोळ्या दिल्या. पोर कापू लागली. शेजारणी पाया पडून गेल्या. सुंदरबाई त्या दिवशी अख्ख्या गल्लीत मिरवली. तेव्हापासून गोळ्यांची डबी देव्हाऱ्यात गेली. "गोयी दिधी का देवी येस," असं ती बिनदिक्कत सांगायची. दम असो नसो, चार माणसं जमली की पोरीच्या तोंडात गोळी!

यशोदानं सासूला सांगून पाहिलं. नवऱ्याच्या, झुलालच्या, विनवण्या केल्या. "मन्ही मायले काय समजत नही का?" एवढंच तो म्हणाला. त्या घरात सुनेचं बोलणं म्हणजे भांड्यांचा आवाज. कानावर पडतो, पण ऐकत कुणी नाही.

आरती झाली. शेवंता पाटावरच कलंडली. "माय, मना जीव घाबरस," ती कोरड्या ओठांनी पुटपुटली. पण पाहुणे उशिरा आलेले, त्यांना दर्शन नको का? सुंदरबाईनं आणखी एक गोळी काढली.

यशोदा चुलीपासून धावत आली. तिनं सासूचं मनगट धरलं आणि गोळी हिसकावली. डोक्यावरचा पदर खाली पडला. समोर सासऱ्याच्या वयाची माणसं बसलेली, त्याचंही तिला भान नव्हतं. संतापानं ती नखशिखान्त कापत होती.

"सुंदरे!" ती ओरडली. "पोरले परत गोयी दिधी तर तुन्हा हात तोडसू!"

सुनेनं सासूला नावानं हाक मारायची, तीही एकेरीत? झुलाल हात उगारून पुढं झाला. तोच भाऊबंदांतल्या सगळ्यांत वडील माणसानं, लोटनआबांनी, त्याला मागं ओढलं.

"थांब रे! ती तुन्ही बायको नही शे. देवी उनी तिन्हा आंगमा. कोनती सून सासूले असं बोलस?"

सुंदरबाईचा चेहरा पांढराफटक पडला. सुनेच्या शब्दाला जिनं कधी साधं हूं म्हटलं नव्हतं, तिनं तिच्यापुढं जमिनीवर डोकं टेकवलं.

"चूक व्हयनी, माय. तू सांगशी तसंच करसू."

यशोदा बघतच राहिली. मी देवी नाही, मी यशोदा आहे, या पोरीची आई आहे, असं ओरडून सांगावं, हे अगदी तिच्या ओठांवर आलं. पण तसं म्हटलं की ती पुन्हा नुसती सून होणार, झुलालचा हात पडणार आणि गोळ्या सासूच्याच ताब्यात राहणार. चिडीनं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं अंबाडा सोडला, केस मोकळे केले आणि घुमायला लागली.

"डबी यशोदाना हातमा द्या!"