खळीत काय घालायचास

धाकट्या भावाच्या त्या पत्राला मी नऊ वर्षं उत्तर दिलं नाही. आमच्या पुस्तकबांधणीच्या दुकानातले तिन्ही कारागीर आणि सगळी गिऱ्हाइकं घेऊन तो वेगळा झाला, हे मला एका सकाळी रिकाम्या दुकानात उभं राहिल्यावर कळलं होतं. वर्षभराने पत्र आलं. "दादा, माझ्या पुस्तकांना कीड लागते. गिऱ्हाइकं तुटतायत. चिकटवायच्या खळीत तू काय घालायचास?"

काल व्यापारी संघाने माझा सत्कार केला. "एकट्याने पुन्हा कसे उभे राहिलात?" असं विचारल्यावर मी चाचरत "जिद्दीने" म्हणालो. टाळ्या पडल्या.

घरी येताना बायको म्हणाली, "जिद्दीने की किड्यांनी?"

आज पोस्टकार्ड घेतलं. दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं, "खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद घाल, कीड लागत नाही. तू बांधलेली, किड्यांनी खाल्लेली पुस्तकं दुरुस्तीला माझ्याकडेच येत होती. त्यांच्यावरच मी पुन्हा उभा राहिलो."

त्याचं दुकान पुढच्याच गल्लीत आहे. तरी कार्ड पोस्टाच्या पेटीत टाकलं.