फोनवरची ड्युटी
गुडघा मोडल्यापासून फायरमन बादलला स्टेशनात फोन उचलायचं काम दिलं होतं. दुपारी आर्णी रोडवरून एका मुलीचा फोन आला.
"दादा, खालच्या खोलीतल्या कापसाले आग लागली! वर धूर भरला, मले काहीच दिसून नाही राह्यलं!"
गाडी लगेच निघाली, पण पोचायला दहा मिनिटं लागणार होती.
"मागं जिना हाय?"
"हाय."
"मंग दुपट्टा नाकाले लाव. खाली वाक, भिंत धरून सरक."
ती खोकत राहिली. मग आवाजच थांबला. बादल फोनमध्ये ओरडत राहिला, "पोरी, थांबू नको! सरकत राह्य!"
तासाभरानं गाडी परतली. ड्रायव्हर म्हणाला, "आम्ही पोचलो तं पोरगी अंगणात बसली होती. सारखी इचारून राह्यली, मले बाहेर काढणारा दादा कुठी हाय?"