कोनाड्यातला दिवा

रंगारी नवरा खाजा याच्या निधनानंतर खातूनबीने भद्रकाली पेठेतील त्याचे भाड्याचे दुकान कुलूप लावून राखिले होते. पुत्र रहेमान येवल्याहून रंगकाम शिकून येताच तेथे बसणार होता. परंतु एके सायंकाळी घरमालक पुंजाशेठ पंचांसह दारी उभे ठाकले.

"ओस पडलेली जागा मालकाची! आत वावराची एक तरी खूण दाखव, नाहीतर किल्ली ठेव."

तिने कुलूप काढिले. आत कोनाड्यात तेलाचा दिवा तेवत होता!

"दिवाबत्ती होते, म्हणजे दुकान चालू आहे," पंच वदले.

नुसती मान डोलावली असती तरी दुकान वाचले असते. पण खातूनबीची जीभ असत्याकडे वळेना. "अल्लाकसम, पंचहो, हा दिवा मी नाही लावला."

"ऐकलंत? मग काय भुतानं लावला?" पुंजाशेठ विजयाने हसले.

तोच पुंजाशेठच्या घराकडे उघडणाऱ्या मागील दारातून त्यांच्या मातोश्री कुसाबाई तेलाची बुधली घेऊन आत आल्या.



"मी लावते, पुंजा. तुझा बाप गेला अन् तू परगावी होतास, तेव्हा आपली बंद पेढी हिच्या खाजानंच रोज दिवा लावून राखली होती."