शिशाचं सील

मच्छिंद्रनं पकडीचं तोंड शिशाच्या सीलाला लावलं आणि हात तसाच थांबवला.

नुकतं फटफटलं होतं. जालन्याच्या मस्तगड भागातल्या शेडमध्ये तो आणि मोटार, दोघंच होते. जालना-भोकरदन रस्त्यावर त्या काळी उतारू नेणाऱ्या दोनच सर्व्हिस मोटारी धावायच्या. त्यातली ही नवी. हैद्राबादहून आणून चार महिने झाले होते आणि गॅरंटी होती सहा महिन्यांची. इंजिनात ठिणगी पाडणारा जो डबा असतो, त्याच्या स्क्रूला कंपनीनं तार ओवून वर शिशाचं सील ठोकलं होतं. सील तुटलं की गॅरंटी संपली.

"अन् तुझी नोकरी बी संपली," मालक जगन्नाथरावांनी बजावलं होतं.

या मोटारीवर ड्रायव्हर होण्याआधी मच्छिंद्र कापसाच्या जिनिंगमध्ये तेलाचं इंजिन सांभाळायचा. नुसत्या आवाजावरून त्याला इंजिनाचं दुखणं कळायचं. ही मोटार सपाटीला बराबर चालायची, पण चिंचेच्या चढाला लागली की धापा टाकायची. अर्ध्या चढावर, चिंचेपाशी, पाणी उकळायचं. मग उतारू खाली उतरायचे आणि तो बॉनेट उघडून इंजिन निवण्याची वाट बघत बसायचा. पंधरा मिनिटं तरी जायची. तेवढ्यात दुसऱ्या मालकाची जुनाट मोटार भोंगा वाजवत पुढं निघून जायची. त्या भोंग्यानं मच्छिंद्रच्या अंगाची आग व्हायची.

नवल म्हणजे उतारू कधी कुरकुर करत नव्हते. पहिले दोन महिने मालक स्वतः तिकिटं फाडायला मोटारीत असायचे. तेही काही बोलत नसत.

"मालक, ठिणगी उशिरा पडून राह्यली," मच्छिंद्र दर आठ दिवसांनी सांगायचा. "त्यो डबा गव्हाच्या दाण्याएवढा फिरवला की काम झालं. बिलकुल न थांबता चढंल."

"न्हाई. गॅरंटी हाय."

"मंग कंपनीला कागद धाडा. त्यांचा माणूस येऊन करंल."

"धाडू," असं म्हणून मालक दुसरंच काही विचारायचे. कागद काही गेला नाही.

नोकरी गेली तर जिनिंगमध्ये परत घेतील की नाही, याची खात्री नव्हती. पण आपण म्हणतो ते खरं की खोटं, हे कळल्याशिवाय मच्छिंद्रला चैन पडत नव्हतं. त्यानं पकड दाबली. तार तुटली. डबा त्यानं अगदी जरासा फिरवला, स्क्रू आवळला आणि हँडल मारलं. आवाज ऐकताच तो एकटाच हसला.

मंगळवार होता. मोटार भरलेली होती. चिंचेचा चढ आला तसे सवयीनं दोघंचौघं उठून उभे राहिले. पण मोटार थांबलीच नाही. चिंच मागं पडली, वळण मागं पडलं आणि बघता बघता माथा आला. मच्छिंद्रनं जोरात भोंगा वाजवला.

"थांबव रे बाबा! थांबव!"

मागच्या बाकावरून तुळजाबाई ओरडत होती. ही म्हातारी दर मंगळवारी या मोटारीनं जायची. मच्छिंद्रनं ब्रेक दाबला. काही पडलं असेल असं त्याला वाटलं. म्हातारी गाठोडं घेऊन खाली उतरली आणि आल्या वाटेनं चढ उतरायला लागली.

"मावशी, तिकडं कुठं चालल्या?"

ती झपाझप चालत राहिली. तिच्या शेजारी बसलेली बाई म्हणाली, "लेक उभी असंल ना तिची चिंचंखाली. द्वारका. व्याह्यानं भांडण काढलंय, दोन वर्षं झाली. लेकीला माहेरी धाडत न्हाईत अन् हिला दारात उभी करत न्हाईत. त्यांचं शेत हाय तिथं. गवत कापायच्या निमित्तानं येती पोरगी. मोटार अडकती, तेवढ्यात मायलेकी भेटून घेतात. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

चार महिने दर मंगळवारी मच्छिंद्र तिथंच होता. पण त्याचं डोकं बॉनेटखाली होतं.

तो खाली उतरून चढाच्या कडेला गेला. कडेवर लेकरू घेतलेली एक तरणी बाई चिंचेपासून मोटारीमागं वळणापर्यंत धावत आली होती. आता ती धपापत उभी होती. म्हातारी तिच्यापर्यंत पोचली. तिनं आधी लेकरू घेतलं.

मच्छिंद्र परत आला. त्यानं बॉनेट उघडलं.

"इंजिन गरम झालं," तो उतारूंना म्हणाला. "पंधरा मिनिटं लागतील."

एका उतारूनं बॉनेटला हात लावून पाहिला आणि चटका बसल्यासारखा झटकन मागं घेतला. "लई तापलंय," तो म्हणाला. सगळे खाली उतरले.

संध्याकाळी मच्छिंद्र मालकांपुढं उभा राहिला. मायलेकींविषयी तो काहीच बोलणार नव्हता. ती त्यांची गोष्ट होती.

"मालक, सील तोडलं मी. ठिणगी बराबर केली. आज मोटार चढावर अडकली न्हाई."

त्यानं शेडची किल्ली काढून त्यांच्यापुढं ठेवली. जगन्नाथरावांनी किल्लीकडं पाहिलंसुद्धा नाही. ते उठून उभे राहिले.

"अडकलीच न्हाई?"

"न्हाई."

त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"अरे, मंग तुळजाबाईला तिची लेक भेटली का न्हाई?"