पायदान

पहिला अर्धा तास परीक्षकांच्या तोंडून नुसतं "वा, वा" निघत होतं. फिटर हात मागं बांधून त्यांच्यामागून फिरत होता. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका जुन्या फोटोवर भिंग धरून, त्यानं चार वर्षांत ही जीप उभी केली होती. सगळा पत्रा हातानं ठोकलेला. फोटोतल्या जाळीला नऊ पट्ट्या, तर इथंही नऊ. उद्याच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात तिला जागा मिळणार की नाही, ते या माणसाच्या हातातल्या कागदावर ठरणार होतं.

"सीटची शिवण कोणाची हो? बाजारातली नाही ही."

"बायकोची. घरच्या मशीनवर शिवली. कॅनव्हास जाड, रोज सुई मोडायची."

"बोलवा की त्यांना. अशी दुहेरी टीप हल्ली कोण घालतं?"

"गेली ती. चार महिने झाले."

परीक्षक "अरेरे" म्हणाले आणि उगाचच टायर दाबून पाहू लागले. मग ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या बाजूला आले आणि थबकले. सीटखाली बाहेरून एक लोखंडी पायदान जोडलेलं होतं. त्याचा रंग बाकी गाडीशी जुळत नव्हता.

"हे काय? मुळात नव्हतं हे."

"नव्हतं."

"मग? एवढं सगळं फोटोबरहुकूम केलंत आणि इथं माती खाल्लीत? ग्राइंडर आहे ना, दहा मिनिटांचं काम. उडवून टाका. मी थांबतो. चहा मिळाला तर आनंदानं थांबतो."

चहा घेऊन फिटरची लेक दारातच उभी होती. तिनं ट्रे बॉनेटवर ठेवला, जरा आदळूनच.

"आई मागत होती ते," ती परीक्षकांना म्हणाली. "तिला गुडघा वर उचलवत नव्हता. किती वेळा म्हणाली, एक छोटंसं पायदान लावा, मला एकदा बसू द्या. बाबांचं एकच, मुळात नव्हतं. सीट शिवली तिनं. बसली एकदाही नाही."

परीक्षकांनी फिटरकडे पाहिलं. "आणि लावलंत कधी?"

"ती गेल्यावर. दुसऱ्या आठवड्यात."

परीक्षकांनी घसा साफ केला.

"तरी पण, फिटरसाहेब, हे असं ठेवलंत तर गाडी यादीत येणार नाही. माझा नाइलाज आहे."

"नको येऊ दे. ते राहील."

परीक्षकांनी कागदावर काट मारली. कपाला हातही न लावता ते निघून गेले.

फिटर गाडीत चढला. किल्ली फिरवली तसं इंजिन पहिल्याच दमात लागलं.

"बस," तो लेकीला म्हणाला. "कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

ती पलीकडच्या बाजूला गेली. फिटर स्टिअरिंग धरून तिच्या पावलांकडे बघत होता.

"माझे गुडघे चांगले आहेत, बाबा," ती म्हणाली, आणि चाकावर पाय देऊन एका उडीत आत जाऊन बसली.